न चाखता रांधणारे अप्पा

उदगिरात जेवायचं असेल तर मला विचारा. पंचायत समितीत बदली होऊन आले, तेव्हा मुदखेडला राहिलेल्या आईच्या आठवणीनं रडायचे आणि दिसेल त्या हॉटेलात तेलकट पनीर खायचे. पोटाची पार वाट लागली. मग ऑफिसातल्या पुनमनं मला गुरुपादप्पांच्या खानावळीत नेऊन बसवलं.

खानावळ कसली, घरच ते. पुढच्या खोलीत जेवणारे, मागं चूल. आमटी-भाजी अप्पांची. भाकरी त्यांच्या बायकोची, रुद्राणीअक्कांची, आणि वाढायलाही त्याच. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. काय हाय विचारलं की अप्पा म्हणायचे, "जे हाय ते हाय. बस, ऊटा माडव्वा, जेवून घे पोरी." ताटावर आडवा हात धरला तरी अक्का बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या. "अक्का, जाडी होऊन राहिले मी!" मी ओरडायचे. "होऊ दे की, आली तवा नुसती काडी होतीस," म्हणून आणखी एक भाकरी.

अप्पांची एक रीत होती. देव्हाऱ्यातल्या लिंगाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेलं जिभेवर ठेवायचं नाही. सगळा अंदाज नाकावर. मीठ वासावरून कसं कळतं हो, असं मी एकदा विचारलं. "उकळी फुटली की आमटीच सांगते," म्हणाले. आणि उभ्या आयुष्यात त्यांची आमटी कधी बिघडली नव्हती.

ह्या हिवाळ्यात अप्पा तापानं पडले. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास म्हणून येईना. मग आमटी एक दिवस खारट, एक दिवस अळणी. जेवणारे सगळे खाली मान घालून गिळायचे. म्हाताऱ्याला कोण बोलणार? मी बोलले. माझं तोंड असलंच. "अप्पा, आज लई खारट झालंय."

अप्पा पळी घेऊन दारात आले. चेहरा पार उतरलेला. "मंजी म्हैनाभर देवाला बी खारटच दाखवलं म्या?"

मला गिऱ्हाइकांची काळजी, त्यांना देवाची! मी म्हटलं, आधी नैवेद्य दाखवा, मग चाखून दुरुस्त करा की. तर म्हणाले, "त्याला बिघडलेलं देऊन तुमाला चांगलं वाढू? ते न्हाई जमायचं." मग अक्कांना चाखू द्या, मी म्हटलं. अक्कांनीच मान हलवली. "सासूनं घातलेलं वळण हाय, पोरी. हात तोंडापर्यंत जातच न्हाई."

"सोमवारपासून चूल बंद," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

अक्का माझ्याजवळ बसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चुलीपुढून उठला तर हा माणूस जगायचा न्हाई गं." मला त्या रीतीचा असा राग आला! घास गोड लागेना. तशीच उठून आले.

रविवारी सकाळीच अक्कांचा फोन. लगेच ये, म्हणाल्या. धावत गेले तर अप्पा चुलीपुढं बसलेले, आमटी रटरटत होती. त्यांनी वाटीत पळीभर आमटी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"चाख."

"नैवेद्य झाला?"

"न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "वा अप्पा! आम्ही बौद्ध, आम्हाला तुमचा देव नाही, म्हणून मी चाखलेलं चालतं होय? तुमचा नेम मोडायला मी सापडले?"

अक्का घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या. अप्पा मात्र शांत होते. "नेम मोडायला कुणी बी रस्त्यावरचा धरून आणला असता. रातभर विचार केला म्या. देवाच्या आधी ज्याची जीभ लागंल, ते माणूस घरचं पायजे. घरात लेकरू न्हाई आमाला. मंग तुझ्याबिगर कुणाला बोलवू?"

मी वाटी घेतली आणि तोंडाला लावली.

"मीठ कमी हाय, अप्पा."

त्यांनी चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा वाटी दिली.

"आता?"

"आता झ्याक."

त्याच पातेल्यातून त्यांनी नैवेद्याची वाटी भरली. अक्कांनी कोपऱ्यातल्या तव्यावरची पहिली भाकरी ताटात ठेवली. अप्पांनी ताट लिंगापुढं मांडलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "शिवा, आज लेकीनं चाखलंय. पोटभर जेव."