शनिवारी गाडी नसते

आमच्या घरामागची मालगाडी शनिवारी येत नाही. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या जवळ, आम्ही २००१ साली घर घेतलं. चौदा घरांची गल्ली, पुढे बंद. बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि तो रूळ ओलांडून जातो. हे रूळ एका लहानशा रेल्वे कंपनीचे. कंपनीकडे मिळून इंजिनं दोन, तेरा नंबर आणि चौदा नंबर, आणि सात मैलांची लाइन. गोदामांच्या मागून, टायरच्या दुकानाचं कुंपण जवळजवळ घासून, लोकांच्या परसातल्या झोपाळ्यांशेजारून ही गाडी तीन-चार वाघिणी ओढत जाते. त्यांत बहुतेक प्लॅस्टिकचे दाणे, कधी लाकूड. वेग ताशी आठ मैल. (मी मोजलाय. दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजलं, मग स्टॉपवॉच लावलं. टेपचं दुसरं टोक माझ्या बायकोने, वंदनाने, धरलं होतं. त्या दिवशी ती रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही.)

घर बघताना वंदनाने एजंटला विचारलं होतं, "हे रूळ वापरात आहेत का?"

"अगदी क्वचित," एजंट आम्हाला धीर देत म्हणाला. माझा चेहरा पडला, तो त्याने पाहिला असावा. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "रोज येते."

"इथली शाळा चांगली आहे, घर घेऊ या," मी वंदनाला म्हणालो. शाळा खरोखरच चांगली होती. पण ते मी नंतर तपासलं.

मी मूळचा दौंडचा. लहानपणी तिथे दिवसभर गाड्या बघितल्या, लांबच्या लांब, रुबाबदार. त्यातल्या एकीनेही कधी माझी दखल घेतली नाही. इथे गाडी एकच, पण तिचा ड्रायव्हर फ्रँक पहिल्याच आठवड्यापासून मला हात करायला लागला. माणूस पंचेचाळिशीला आला की अशा गोष्टींची किंमत कळते. मी वही घातली. तारीख, वेळ, इंजिन, वाघिणी, आणि शेवटचा रकाना थांबण्याचं कारण. चार वर्षांत त्या रकान्यात झाड, हरीण, बॅटरी आणि एकदा कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र, एवढीच कारणं आली होती, त्यात बॅटरी वारंवार.

या नादात मी एकटा नव्हतो. रुळांच्या पलीकडे डॉक्टर साठेकाका राहायचे. निवृत्त भूलतज्ज्ञ. ते घडीची खुर्ची, थर्मास आणि कॅमेरा घेऊन क्रॉसिंगला बसत. नोंदी ताडून बघायला रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"आज काय?"

"तेरा. चार. पाच दहा."

"काल चौदा होतं ना?"

"चौदा. तीन."

"ऐकणाऱ्याला वाटेल मटका लावताय," वंदना म्हणायची.

आता मुद्द्याचं, म्हणजे २००५ सालचं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या मोटारीची पूजा झाली आणि झेंडूचा एक हार उरला. मी तो घेऊन क्रॉसिंगवर गेलो आणि फ्रँकला सगळं समजावून सांगितलं, की आमच्यात या दिवशी ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्या हत्यारांची आणि वाहनांची पूजा करतात. फ्रँकने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग आमचीही करून टाक." मी तेरा नंबरला हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीचा गार्ड ज्यो याने तीन पेढे खाल्ले. विषय संपायला हवा होता.

पण माझ्याकडे आकडे होते. तेरा नंबर पूर्वी महिन्यातून दोनदा तरी बंद पडायचं. पूजेनंतरच्या अकरा महिन्यांत ते दोनदाच बंद पडलं. मी यातून काही निष्कर्ष काढला नाही. (मधल्या काळात त्याला नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, हे मी तळटीपेत स्पष्ट दिलं होतं.) मी फक्त एक तक्ता केला, रंगीत प्रिंट काढली आणि फ्रँकला दिली. त्यांनी ती ऑफिसच्या भिंतीवर लावली. तळटीप कुणीच वाचत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सप्टेंबरात फ्रँकने विचारलं, "यंदा कधी आहे तुमचं?"

"पंचांगात बुधवारी. पण आमच्या मंडळाला हॉल आदल्या शनिवारचा मिळालाय. त्यामुळे आमचा दसरा शनिवारी."

"तुम्ही सण हलवता?"

"सगळे. इथे आल्यापासून सगळे सण शनिवारीच करतो."

"आणि देवाला चालतं?"

"अजून तक्रार आलेली नाही. पण शनिवारी तुमची गाडी नसते, त्यामुळे तुमच्या इंजिनाचं यंदा राहिलं. पुढच्या वर्षी बघू."

"हं," फ्रँक म्हणाला.

हे 'हं' मी वहीत लिहून ठेवलं नाही.

तो शनिवार उजाडला. मंडळाचा दसरा दुपारी होता. सकाळी आमच्या मुलीची, सईची, एसएटी, म्हणजे इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा. दोन वर्षं तिने तिची तयारी केली होती. प्रवेशपत्रावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की आठ वाजता दारं बंद होतील आणि नंतर कुणालाही आत घेणार नाहीत. शाळा साडेपाच मैलांवर, माझ्या वेगाने अकरा मिनिटं. मी निघायची वेळ ठरवली सात वीस.

"सातला निघा," वंदना म्हणाली.

"उगाच तिथे पाऊण तास ताटकळायचं?"

"गाडी आडवी आली तर?"

"शनिवारी गाडी नसते."

"नक्की?"

"चार वर्षांत एकदाही नाही. वही दाखवू?"

"वही नको," वंदना म्हणाली. "पोरीला नेऊन पोचवा."

सात बावीसला आम्ही क्रॉसिंगपाशी आलो आणि लाल दिवे लागले. घंटा वाजायला लागली. डावीकडून तेरा नंबर आलं, चार वाघिणी घेऊन, इतक्या सावकाश की कुणी ट्रेमधून चहा आणतंय असं वाटावं. रस्त्याच्या बरोबर मध्यावर येऊन ते थांबलं. इंजिन धुतलेलं होतं. चार वर्षांत मी ते धुतलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा," सई म्हणाली, "तुम्ही स्माइल करताय."

मी चेहरा सरळ केला. "काळजी करू नको. नेहमीचा थांबा चार मिनिटांचा असतो. आपल्या हातात सत्तावीस मिनिटं जादा आहेत."

चार मिनिटं झाली. पाच झाली. सई पेन्सिली मोजायला लागली. चार होत्या. तिने परत मोजल्या. क्रॉसिंगच्या खांबावर कंपनीचा फोन नंबर लिहिलेला असतो. मी तो लावला. शनिवार असल्यामुळे व्हॉइसमेल लागला. मी सविस्तर तक्रार नोंदवली. इंजिन क्रमांक, वाघिणींची संख्या, खांबाचा क्रमांक, थांबल्याची वेळ, गेल्या चार वर्षांतल्या शनिवारांचा तपशील. "या प्रकाराला नेमकी कोणती व्यक्ती जबाबदार आहे, हे मला लेखी कळवावं," असं ठणकावून मी पत्ता दिला आणि माझ्या आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करत दोनदा सांगितलं.

सात एकोणतीस. मी उतरून इंजिनाकडे गेलो. फ्रँक खिडकीतून बाहेर वाकला. त्याने चक्क टाय लावला होता.

"हॅपी दसरा," तो म्हणाला. "पहाटे पाचला येऊन धुतलं. मॅनेजरला तुझा तक्ता दाखवला, त्याने शनिवारची फेरी मंजूर केली. कुठे करायची पूजा? इथेच?"

मी घड्याळ त्याच्यासमोर धरलं. "फ्रँक, गाडी हलव. मुलीची परीक्षा आहे. आठला दार बंद."

फ्रँकचा चेहरा उतरला. "मला हलवता येत नाही. ज्यो शेवटच्या वाघिणीवरून उतरून तुझ्या मागच्या दाराने तुला बोलवायला गेलाय. गार्ड जागेवर असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम आहे."

नियम मला माहीत होता. तो मीच साठेकाकांना समजावून सांगितला होता. मी घरी फोन लावला.

"अहो, तुमचा रेल्वेवाला आलाय," वंदना म्हणाली. "मी म्हटलं तुम्ही येताच आहात अर्ध्या तासात. पोहे दिलेत त्याला."

"त्याला ताबडतोब पाठव."

"अहो, सणासुदीला दारात आलेला माणूस. अर्धी प्लेट तरी संपू दे."

"वंदना, सई इथे आहे. रुळांच्या अलीकडे."

मग ती म्हणाली, "म्हणजे सातला निघायला हवं होतं." त्यानंतर लांबून तिचं इंग्रजी ऐकू आलं, "मिस्टर ज्यो, गो, गो."

"निघाला का?"

"बूट घालतोय. मी दाराशी काढायला लावले होते."

ज्योचे बूट रेल्वेचे. नडगीपर्यंत येणारे, लोखंडी टोकाचे. एका बुटाला किती भोकं असतील याचा मी अंदाज करत होतो, तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

"अरे, शनिवारी गाडी," साठेकाका आनंदाने म्हणाले. "हॉर्न ऐकला आणि पायजम्यावरच आलो. इंजिन धुतलंय, पाहिलंस का?"

मी इंजिनाच्या पुढून वाकून बघितलं. पलीकडे काका खुर्ची उघडत होते. त्यांच्यामागे त्यांची मोटार.

"काका, खुर्ची मिटा. सईला परीक्षेला सोडा. आत्ता."

फ्रँक खाली उतरला, सईचा दंड धरून, थांबलेल्या इंजिनाच्या पुढून तिला पलीकडे घेऊन गेला आणि मोटारीचं दार उघडून दिलं. सात छत्तीस. काका मात्र अजून कॅमेऱ्यामागे होते.

"काका."

"एकच. ऊन काय सुंदर पडलंय बघ."

"आजोबा, प्लीज," सई म्हणाली. काकांनी कॅमेरा गळ्यात टाकला. सात अडतीसला ते निघाले.

आता काकांच्या ड्रायव्हिंगबद्दल. ते ताशी वीस मैलांच्या वर जात नाहीत आणि हिरवा सिग्नल लांबून दिसला की तो पिवळा होईल म्हणून वेग कमी करतात. साडेपाच मैलांना साडेसोळा मिनिटं. वाटेत चार सिग्नल. उत्तर सात चौपन्न ते आठ दोन यांच्या दरम्यान कुठेही येत होतं. आयुष्यात प्रथमच मला आकडेमोड करता येते याचं वाईट वाटलं.

तेवढ्यात ज्यो धावत आला, एका बुटाची लेस मोकळी. त्याच्या हातात झेंडूचा हार, आणि त्याच्या मागे चपला फटफटत वंदना, हातात पूजेचं तबक.

"सई कुठाय?" तिने विचारलं.

"साठेकाकांबरोबर."

"गाडी कोण चालवतंय?"

"काका."

वंदनाने तबक माझ्या हातात दिलं. "करा पूजा," ती म्हणाली. "आता तेवढंच राहिलंय."

मी तेरा नंबरला हार घातला. कुंकू लावलं. एका हातात तबक, दुसऱ्या हातात फोन. ज्योने चाकाखाली स्वतः लिंबू ठेवलं, त्याला सगळं पाठ होतं. फ्रँकने टोपी काढली. मी डोळे मिटून मागितलं ते इंजिनासाठी नव्हतं. काकांनी तिसाने तरी चालवावं, एवढंच मागितलं.

सात बावन्नला लिंबू फुटलं, गाडी हलली, फ्रँकने हात केला. रस्ता पूर्ण मोकळा झाला. त्याचा आता मला काहीही उपयोग नव्हता. मी आणि वंदना रिकाम्या रुळांशेजारी फोनकडे बघत उभे राहिलो. सात सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ. आठ वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"गेली आत," साठेकाका म्हणाले. "तिच्या मागे लगेच दार लावलं त्यांनी."

वंदना रस्त्याच्या कडेच्या दगडावर खाली बसली.

"काका, किती वाजले होते?" मी विचारलं.

"घड्याळ कोण बघत बसतो रे? ते जाऊ दे, इंजिन का धुतलं होतं?"

सईचा पेपर चांगला गेला. तरी डिसेंबरात तिने परीक्षा पुन्हा दिली, आणि आदल्या दिवशी बॅग भरून साठेकाकांकडे राहायला गेली. मी समजावलं, की शनिवारी गाडी नसते. ती म्हणाली, "आय नो, बाबा," आणि बॅगेची चेन लावली.

सोमवारी मी तक्रार मागे घ्यायला फोन केला होता. फ्रँकला माझ्यामुळे त्रास झाला असता तर मला तोंड दाखवता आलं नसतं. पण ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की इतकी परिपूर्ण तक्रार त्यांच्याकडे याआधी आलीच नव्हती, त्यामुळे चौकशी तातडीने सुरू झालेली आहे. दहा दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांचा दोष आढळला नाही. गाडी एका रहिवाशाच्या धार्मिक कार्यासाठी थांबवण्यात आली होती. संबंधित रहिवाशाने यापुढे आपले सण कामाच्या दिवशी ठेवावेत, ही विनंती. तक्रारदाराने मागितल्याप्रमाणे जबाबदार व्यक्तीचं नाव खाली देत आहोत.

मी ते पत्र वहीत चिकटवलं आणि त्या शनिवारची ओळ पूर्ण केली. तेरा. चार. सात बावीस ते सात बावन्न. थांबण्याच्या कारणांत झाड, हरीण आणि बॅटरी यांच्या खाली आता माझं आडनाव आहे. स्पेलिंग अगदी बरोबर. दोनदा सांगितलं होतं ना.