तुटलेल्या ताऱ्याचा निरोप

आमच्या शेजारचे नाना बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबत, टोपी काढत आणि आभाळाला हात जोडत. तारा तुटला म्हणजे कोणीतरी गेलं, त्याला निरोप द्यायचा, हा त्यांचा नेम. मग टोपी चढवून पुन्हा कापसाच्या गप्पांवर येत.

परवा जेवणं उरकून ओट्यावर बसलो होतो. पारोळ्याकडून उजळ ठिपक्यांची लांबच लांब रांग सरकत आली. नाना टोपी काढून उभेच राहिले.

"बठ्ठं गावच गयं का रे भाऊ?"

"सगळं गाव नाही गेलं, नाना, ते इंटरनेट कंपनीचे उपग्रह आहेत."

नाना खाली बसले आणि त्यांनी टोपी घट्ट बसवली. थोड्या वेळाने खरोखरच एक तारा तुटला. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो बी कंपनीनाच व्हई," ते म्हणाले.

कोण बिचारं गेलं कोणास ठाऊक. आमच्या ओट्यावरून त्याला निरोपही मिळाला नाही.