पडद्यामागची दोन मिनिटं

मध्यंतरी आमच्या गल्लीत अशी बातमी उठली की शिवणवाली कात्री लहान पोरींना दुकानात बोलावते, त्यांचे कपडे उतरवून घेते आणि विकून खाते. बातमी वाणीकाकूंच्या काउंटरवरून निघाली होती, म्हणून तिला वजन होतं. वाणीकाकू साखर आणि निंदा एकाच काट्यावर तोलून देतात, आणि साखर मापात दिली तरी निंदेत हात कधी आखडता घेत नाहीत. त्यांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एकाआड एक शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, दोन बहिणी कात्रीच्या दुकानात शिरतात, पडद्याआड जातात आणि बाहेर येतात त्या भलत्याच कपड्यांत. मग आधीचे कपडे गेले कुठं?

आधीचे कपडे पडद्यामागच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत गेले होते, आणि रविवारी संध्याकाळी पोरी परत येऊन तेच अंगात घालून घरी जात होत्या. बातमीत खरं एवढंच होतं. पण खरं असलं की त्यात चव राहत नाही, त्यामुळे ते कुणी पुढं नेलं नाही.

कात्री हे काही तिचं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. तिचं दुकान जिन्याखाली. छत तिरकं, त्यामुळे आत नीट उभं राहता येतं ते तिला एकटीलाच. गिऱ्हाइकाला मान कलती करून बोलावं लागतं, आणि मान कलती करून भांडण होत नाही, हा तिचा मोठाच फायदा. नवं ती शिवत नाही. सैल झालेलं आवळायचं, आवळलेलं सैल करायचं, वर घ्यायचं, खाली सोडायचं. धुण्यात पँट आटली म्हणून तक्रार घेऊन आलेल्या एका साहेबांना तिनं सांगितलं होतं, "पँट आहे तेवढीच आहे हो. ती बिचारी वाढायला गेली नाही, एवढाच तिचा गुन्हा." साहेब आजही तिच्याकडेच येतात. दुकानात एक मशीन, एक इस्त्री, बटणांचा डबा आणि कोपऱ्यात घालून बघायला जुन्या चादरीचा पडदा. पडद्यामागं कोपरा उडालेला आरसा आणि दोन खिळे.

पोरी तिला पहिल्यांदा दिसल्या त्या जिन्यातच. चिंध्यांची टोपली रिकामी करायला ती बाहेर आली, तर मीटरच्या पेट्यांपाशी दहा वर्षांची एक मुलगी दोन्ही हात ताणून टॉवेल धरून उभी, आणि टॉवेलामागं सहा वर्षांची एक फ्रॉकात डोकं अडकवून धडपडतेय. वरून उतरणारा एक गृहस्थ "जिना आहे का न्हाणीघर?" म्हणून गेला.

"काय चाललंय गं?" कात्रीनं विचारलं.

"कपडे बदलतोय," टॉवेलवाली म्हणाली. "पाचच मिनिटं लागतात. कुणाला त्रास नाही देत आम्ही."

"का? घर नाही तुम्हाला?"

"दोन आहेत," फ्रॉकातून आवाज आला.

कात्रीनं थट्टा न करता हातातली टोपली खाली ठेवली. आमच्या गल्लीच्या आठवणीत ही पहिलीच वेळ.

हळूहळू तिला कळलं ते असं. आईबापांचा घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं. आई गल्लीच्या वरच्या टोकाला राहते, दवाखान्यात कागद लिहिते. बाप एकाआड एक शनिवारी मोटरसायकल घेऊन येतो आणि गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या दुकानापाशी थांबतो. त्यापुढं त्यानं यायचं नाही, असं ठरलेलं. सुरुवातीला आईनं पोरींना चांगले कपडे घालून पाठवलं. ते परत आले नाहीत. मग तिनं जुनेरं घालायला सुरुवात केली. बाप म्हणाला, भिकाऱ्यासारख्या पोरी मी गाडीवर बसवून नेणार नाही, आणि त्यानं नवे घेतले. नव्यातला एक फ्रॉक धाकटीनं हौसेनं घरी घालून नेला, तर दुसऱ्या दिवशी आई त्यानं फरशी पुसताना दिसली. त्या दिवशी थोरलीनं कायदा केला की जिन्यात बदलायचं. बापाकडची पिशवी मीटरच्या पेटीमागं लपवायची. दोन्ही घरांना ठाऊक होतं की पोरी वाटेत कुठंतरी कपडे बदलतात. कुठं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

"आत या," कात्री म्हणाली. "पडदा आहे, आरसा आहे. आरशात बघून घ्या, आपण कुणाच्या झालोय ते."

थट्टा तिच्या तोंडून सवयीनं गेली. थोरली हसली नाही. धाकटीनं मात्र खरंच आरशात बघितलं.

तसे महिने गेले. कात्री काही विचारत नसे, पण पडद्याखाली पाय दिसतात. येताना धाकटीचे पाय नाचत यायचे. फ्रॉक डोक्यातून निघाला की थांबायचे. दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची पंधरा. दुधाच्या दुकानाकडून हॉर्न वाजायचा, थोरली दबक्या आवाजात विनवायची, "घाल ना गं, ओरडतील." आणि धाकटी हा फ्रॉकही नाही, तोही नाही, अशी स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची.

"मावशी, मी इथंच बसू?" तिनं एकदा पडद्यातून विचारलं.

"इथं बसून काय करशील?"

"काही नाही."

कात्रीनं मशीन सुरू केलं, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

तिला ऐकायचं नव्हतं, कारण हे सगळं तिनं आधी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, केलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा संसार मोडला तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. बापाकडून आला की ती त्याला दाराबाहेरच्या बोळात उभं करायची. तिकडचे कपडे तिथंच उतरवायचे, पिशवीत कोंबायचे, मगच उंबऱ्याच्या आत पाय. पावसापाण्यातसुद्धा. "आला बघा, कात टाकायला," असं गल्ली म्हणायची, आणि तो पोरगा मान खाली घालून शर्टाची बटणं काढायचा. आठ वर्षं. कात्रीला त्याचा अभिमान वाटायचा. बाईचा कणा बघा म्हणून लोकही वाखाणायचे. पुढं तो बापाच्या गावी नोकरीला लागला, तिकडचाच झाला. चार वर्षांपूर्वी एकदा दारापर्यंत आला होता. तिनं "आत ये" म्हटलं, तर हसून म्हणाला, "नको. कपडे तिकडचे आहेत." उभ्याउभ्या पाव तास बोलला आणि गेला. थट्टेची जीभ त्यानं आईचीच घेतली होती.

तर धाकटीच्या बाबतीत कात्रीनं एक बेत केला. आईनं घालून पाठवलेला एक पिवळा फ्रॉक होता, विटलेला, आखूड झालेला, काखेत ताणलेला. तो तिनं दोन दिवस ठेवून घेतला. कापड आईकडचं, म्हणजे आईच्या दारात अडायचं कारण नाही. फक्त बापाला लाज वाटणार नाही इतका तो चांगला दिसायला हवा. तिनं तो पुरा उसवला. आतली बाजू ऊन न लागल्यानं अजून पिवळीधमक होती, ती बाहेर घेतली. खालची घडी सोडली, काखेत सैल व्हावा म्हणून कळीचा तुकडा घातला, बटणं जुनीच ठेवली, दोरासुद्धा जुन्याच रंगाचा शोधून काढला. आपण काही केलंय हे उद्या आईच्याही ध्यानात येऊ नये, अशी शिवण. हातातली कला लपवण्यात गेली, पण काम तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक झालं.

त्या शनिवारी धाकटी फ्रॉक न बदलता गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. बाप काही बोलला नाही. रविवारी ती त्याच फ्रॉकात परत आली आणि दुकानाच्या दारातूनच ओरडून गेली, "मावशी, मी आजपण हीच आहे."

दोनदा असं निभावलं. तिसऱ्या वेळी आईनं पोरीला दारात जवळ घेतलं आणि तिला वास आला. फ्रॉकवर तिकडं काहीतरी सांडलं होतं, आणि बापानं नव्यानं घरात आणलेल्या बाईनं तो धुऊन पाठवला होता. फुलांच्या वासाचा साबण. शिवण, घडी, बटण, दोरा, सगळ्याचा विचार कात्रीनं केला होता. वासाचा केला नव्हता. शिवणाऱ्या माणसाचं लक्ष डोळ्यांत आणि बोटांत असतं, नाकात नसतं.

मग आईनं फ्रॉक उलटा करून पाहिला. तिला सोडलेली घडी दिसली, काखेतली कळी दिसली. तिला वाटलं, हे त्या बाईनं केलं. माझ्या पोरीच्या अंगावरचं माप तिनं घेतलं. तिनं स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि फ्रॉक पोरीसमोर कापला.

हे दुकानात कळलं ते पाचव्या दिवशी. आई स्वतःच दुकानात आली, हातात पिवळे तुकडे. मान कलती न करताच आत शिरली, म्हणून डोकं छताला लागलं.

"हे तुम्ही केलंत? थोरलीनं काल सांगितलं. इतके दिवस मी त्या बाईला शिव्या घालत होते."

"मीच केलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमच्या मध्ये पडायला?"

"कुणी नाही."

"माझ्या पोरीला खोटं वागायला शिकवलंत तुम्ही."

यावर कात्रीकडं एरवी तीन-चार उत्तरं तयार असती. तिनं स्टूल पुढं सरकवलं. आई स्टुलावर बसली आणि तुकड्यांकडं बघत राहिली.

"पाच दिवस झाले," ती मग म्हणाली, "शाळेचा युनिफॉर्म काढत नाही अंगातला. तोच घालून झोपते. अंघोळीलाही काढू देत नाही. मी ओढायला गेले तर म्हणते, हा शाळेचा आहे, तुझा नाही, बाबांचा नाही, कापू नको." तिनं नाक ओढलं. "शाळेतून चिठ्ठी आलीय, वास येतो म्हणून. वास."

मशीनच्या चाकावर हात ठेवून कात्री म्हणाली, "माझा मुलगा दारात कपडे उतरवायचा."

"काय?"

"तुमच्यासारखीच होते मी. तुमच्यापेक्षा कडक. आता तो बत्तीस वर्षांचा आहे आणि दारातूनच बोलून जातो. आत येत नाही. तेही चार वर्षांत एकदाच."

आईनं हुंदका दिला नाही, की पाय धरले नाहीत. ती चिडूनच म्हणाली, "म्हणजे मी सगळं गिळायचं? त्या बाईचा साबण माझ्या घरात?"

"हो."

"का?"

"का ते मला नाही सांगता येत. मी न गिळून बघितलंय, तेवढं सांगते."

 मग आईनं तुकडे पुढं केले. "हा जोडता येईल?"

कात्रीनं ते टेबलावर पसरले, हातानं सपाट केले. "तिरका कापलाय. जोडते. पण शिवण दिसेल. लपवता येणार नाही."

"दिसू दे," आई म्हणाली आणि जाताना पुन्हा डोकं आपटून गेली.

फ्रॉक जोडला. छातीपासून कमरेपर्यंत जाडजूड तिरकी शिवण, ऑपरेशनची असावी तशी. युनिफॉर्म काढायला धाकटीला आणखी दोन दिवस लागले. काढला तो घडी करून उशाखाली ठेवला, आणि अजून तो तिथंच असतो म्हणतात. आईबापांमध्ये काही फरक पडला असं कुणी समजू नये. हॉर्न अजून दुधाच्या दुकानापाशीच वाजतो. कोर्टात नवी तारीख पडलीय, आणि पोरीनं आठवडाभर युनिफॉर्म काढला नाही, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कागदांत एकमेकांच्या नावावर लिहिली गेलीय. पण पुढच्या पाळीच्या शनिवारी धाकटी शिवणीचा फ्रॉक घालून गेली आणि तोच घालून, फुलांचा वास घेऊन, घरी परतली.

पुढच्या खेपेला कात्रीनं थोरलीला हळूच विचारलं, "मग? काय झालं गं घरी?"

"आईनं वास घेतला," थोरली म्हणाली. "काही बोलली नाही. खिडकी उघडली."

धाकटी पुढं पळाली होती. थोरली मात्र दारातच घुटमळली. खांद्याला अजून पिशवी होती, आता तिनंही बदलणं सोडल्यानं त्यात कपडे नव्हते, पण पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. टॉवेल ताणून धरावा तसा.

"मावशी, मी जरा आत उभी राहू?"

"तुला काय बदलायचंय आता?"

"काही नाही."

कात्रीनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. वर्षभर धाकटीची काख, धाकटीची उंची, धाकटीचे पाय. हिच्या अंगाला तिनं एकदाही टेप लावला नव्हता. बाह्या मनगटाच्या चांगल्या चार बोटं वर गेल्या होत्या, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण हिनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिनं पडदा बाजूला धरला. थोरली आत गेली. पडद्याखाली पाय दिसत होते, जोडलेले, न हलणारे. दोन मिनिटांनी ती बाहेर आली, "येते" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून प्रत्येक खेपेला जाते, येते.

वाणीकाकूंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. परवा ब्लाउज सैल करायला म्हणून त्या मुद्दाम शनिवारी चारला आल्या, आणि पोरगी पडद्यातून निघून गेल्यावर म्हणाल्या, "काय गं कात्रे, आता तर कपडेही बदलत नाही म्हणे. मग ही आत जाऊन करते तरी काय?"

कात्रीनं तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"काही करत नाही. त्यासाठीच येते."