एक डोळा बाजारचा, एक सांगलीचा

ज्याच्या कृपेने अंधारातही वाट सापडते, त्या नारायणास प्रथम वंदन.

माझ्या आईचा एक डोळा बाजारात गेला.

आज तिची पुण्यतिथी. गेल्या आठवड्यात सांगलीला माझ्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. सकाळी गेलो, सायंकाळच्या दिव्याला घरी होतो. म्हणून हे आजच लिहिले पाहिजे.

महायुद्धाचा काळ. आमचे गाव उंब्रजजवळ. थोरले बंधू, आमचे दादा, पलटणीबरोबर समुद्रापार गेलेले.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ध्यास एकच: दादा परत येतील तेव्हा त्यांचे मुख दिसावे.

उंब्रजच्या बाजारात एक फिरता डोळेवैद्य बसे. मोतीबिंदू तो सुईने डोळ्याच्या आतच खाली ढकली. अंथरुणाला खिळणे नाही, दवाखाना नाही.

"खात्रीचं काम हाय, आक्का," असे त्याने देवाची शपथ घेऊन सांगितले.

आणि खरोखरच, आईला तिथल्या तिथे समोरच्या बैलांची शिंगे दिसली. ती हसत घरी आली.

पुढे तो डोळा लाल झाला, ठणकू लागला आणि कायमचा विझला. वैद्य तोवर दुसऱ्या मुलखात.

न्यायाने सांगायचे, तर त्याच सुईने शेजारच्या तात्यांना अखेरपर्यंत दिसले. पण तात्यांच्या डोळ्याने आईला काय दिसणार?

वडील तिला सांगलीला घेऊन गेले. मीही सोबत होतो.

तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले. सुईने ढकललेला मोतीबिंदू आतच राहतो आणि पुढे डोळा बिघडवू शकतो. दुसऱ्या डोळ्यातला शस्त्राने बाहेर काढता येईल. मात्र पट्टी बांधून, मान न हलवता पडून राहावे लागेल. बहुतेकांना दिसते, काहींना नाही. खात्री देता येत नाही.

वडील उठलेच. त्या डोळ्याला अजून उजेड तरी कळत होता. आहे तेवढे राहू दे, असे त्यांचे म्हणणे.

आई उठली नाही.

"आवं, ज्यानं खात्री दिली त्याला एक डोळा दिला. ह्ये खात्री देत न्हाईत. ह्यास्नी दुसरा देते."

ऑपरेशन झाले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या.

रोज देवापुढे वाकणारी ती माउली. पडल्या पडल्या वडिलांना म्हणाली, "देवाला सांगा, मला मान हलवायची न्हाई. तूच जरा वाकून बघ, म्हणावं."

पट्टी निघाली. आधी सारे धूसर. मग जाड भिंगांचा चष्मा आला, आणि आईला तांदळातला खडा दिसू लागला.

युद्ध संपले.

एके दिवशी दादा अंगणात येऊन उभे राहिले. आईने चष्मा पदराने पुसला. पुन्हा लावला.

"मिशा कवा ठेवल्यास रं? काढ आधी."

दादांनी त्याच दिवशी काढल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "व्हत्या तेच बरं व्हतं."

पुढे मोतीबिंदूवाले सल्ला विचारायला आले, की ती एकेक डोळा पदराने झाकून सांगे, "ह्यो बाजारचा. ह्यो सांगलीचा. आता तुमी ठरवा."

कितीतरी जण तिचे डोळे पाहून सांगलीला गेले.

आई, तुझ्या लेकाचे दोन्ही डोळे सांगलीचे झाले. तसबिरीतल्या तुझ्या चष्म्याची भिंगेसुद्धा आज स्पष्ट दिसत आहेत.

साष्टांग नमस्कार घालायचा होता. पण डॉक्टरांनी अजून वाकू नका म्हटले आहे.

तूच जरा वाकून बघ.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीला सूर्यनारायण आरोग्य देवो, आणि ज्यांची वाट तुम्ही पाहत आहात, ती मुखे तुम्हांला दिसोत.