‘मोंदो ना’ सर

आमच्या सरांना एखादी गोष्ट उत्तम वाटली की ते ‘वाईट नाही’ म्हणत. फारच भारावून गेले, तर मान किंचित डावीकडे कलती करून तेच म्हणत. जन्म कोलकात्यातला, दिवसभर बोलणं बंगालीत, पण कौतुकाच्या बाबतीत अस्सल मराठी माणूस. बंगालीत ते ‘मोंदो ना’ म्हणत, म्हणून बालीगंजच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच ‘मोंदो ना सर’ पडलं होतं. आजूबाजूची मंडळी साध्या चहालाही ‘दारुण!’, म्हणजे ‘अप्रतिम!’, म्हणून दाद देणारी. त्यांच्यात सर म्हणजे बिनसाखरेची संदेश मिठाई.

राहायला ते बागबाजारला. “मराठ्यांच्या भीतीनं या लोकांनी तिथून खंदक खणायला घेतला होता,” त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. “आता तिथेच मी राहतो, आणि मला वर्गातली मुलंसुद्धा घाबरत नाहीत.” बाबांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून कोलकात्याला गेलेलो. कॉलेजात मराठी बोलणारं माणूस एकच, त्यामुळे मी सरांच्या घरी हक्कानं जायची. काकू थालीपीठ वाढता वाढता त्यांची खोडी काढायच्या. “मला बघून गेले आणि ‘वाईट नाही’ असा निरोप धाडला. माझ्या वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं!” सर मुकाट्यानं दही कालवत बसत.

प्रयोगशाळेत मात्र ते मुकाट नसत. लेझरच्या दोन किरणांना एकत्र आणून पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे पाडायचे आणि ते मोजायचे, असा आमचा एक प्रयोग होता. माझे पट्टे मधूनच थरथरायचे. मी वैतागून ती मोजणी खोडायला निघाले, तर सर मागून म्हणाले, “खोडू नकोस. बिघडलंय ते आधी नीट बघ. बरोबर आलेलं काय, पुस्तकातही असतं.” मग मी बघत बसले. दुपारभर बघितल्यावर लक्षात आलं, की रस्त्यावरून ट्राम गेली की पट्टे हलतात. मी यंत्राखालच्या दगडी फरशीला खालून सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबा लावल्या. पट्टे स्थिर झाले. सरांनी वाकून पाहिलं, मान डावीकडे कलली, आणि मी आनंदानं घरी पळाले. त्यानंतर मोजणी चुकली की ती खोडायच्या आधी मी सरांना जाऊन सांगायची.

शेवटच्या वर्षाआधी युरोपातल्या एका प्रयोगशाळेच्या उन्हाळी संशोधनासाठी मी अर्ज केला. हे जमलं तर पुढे फिजिक्स, नाहीतर बँकेच्या परीक्षा, असं बाबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. मला बँकेत जायचं नव्हतं. अर्जाला दोन शिफारशी हव्या होत्या. एक विभागप्रमुख मॅडमची, दुसरी सरांची.

एका संध्याकाळी सर प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, “अगं, त्यांचा एक तक्ता आहे. विद्यार्थी कसा आहे, त्यावर खूण करायची. मी ‘चांगली’वर केलीय. आता पत्र लिहिलं की पाठवतो.” घरी सांगितलं तर आईनं देवापुढे साखर ठेवली. “सर ‘चांगली’ म्हणाले? काकूंनासुद्धा अजून म्हणाले नाहीत ते!” बाबाही खूश. आम्ही सगळे मराठी, सगळ्यांनी मिळून एकच घोटाळा केला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना हे कळलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. त्या तक्त्यात ‘चांगली’ खालून दुसरी होती. तिच्यावर ‘उत्कृष्ट’, ‘असामान्य’ आणि सगळ्यांत वर ‘आजवरच्यांत पहिली’. “दादा, ओरा भाबबे मेयेटा किछुइ पारे ना!” त्या सरांवर ओरडल्या. तिकडच्यांना वाटेल, मुलीला काहीच येत नाही!

सर दिवसभर बेचैन होते. संध्याकाळी मला म्हणाले, “‘आजवरच्यांत पहिली’ कसं लिहू? माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यांनी काय म्हणायचं?” मग जरा थांबून, “तुझं नुकसान व्हावं असं वाटत नाही गं. पण ते शब्द माझ्या हातून उतरत नाहीत.” मला रागच आला होता. त्या रात्री त्यांनी शिफारस पाठवून दिली. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

माझी निवड झाली. का झाली, ते तिथे पोचल्यावर माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं. ढीगभर अर्जांत सगळ्या खुणा सगळ्यांत वरच्या ओळीवर, आणि एकच खाली. अर्ज बाजूलाच ठेवणार होते, पण खालची खूण करणारा माणूस काय लिहितो ते बघू म्हणून त्यांनी पत्र उघडलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. ट्राम, फरशी आणि सायकलच्या ट्यूबा यांची हकीकत मात्र सविस्तर होती. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून शेवटचं वाक्य दाखवलं. ‘हिची मोजणी चुकते तेव्हा ही मला येऊन सांगते, चूक लपवताना मी हिला अजून पाहिलेलं नाही.’ त्या परक्या माणसासमोर मी सरळ रडले.

मी फिजिक्समध्येच राहिले. सर आता निवृत्त आहेत, बागबाजारातच आहेत, आणि फोनवर माझ्यापेक्षा माझ्या यंत्राची चौकशी जास्त करतात. आजही कधीतरी महिनाभराच्या खटपटीनंतर आलेख सुरेख जमून येतो, आणि एकच ठिपका वेडावाकडा, सगळ्यांना सोडून बाहेर पडलेला असतो. खोलीत दुसरं कोणी नसतं. पुसला तर जगात कोणाला कळणार नाही. पण सर माझ्याबद्दल आधीच लिहून बसलेत.