शेवंतीकाकूंची तालीम

मुलुंडला डोंगराच्या उतारावर आमच्या समोरच गुणाजी वस्तादांचं घर होतं. उतारामुळे घराखाली एक खोली आयतीच तयार झाली होती. तिला सगळे तळघर म्हणायचे आणि तिच्यात उरलेल्या फरशा, गंजलेले पत्रे, मोडक्या खुर्च्या असला पसारा कोंबलेला असायचा. शहाऐंशी साली शेवंतीकाकूंनी पदर खोचला आणि ते तळघर एकटीनं उपसायला घेतलं. भाडेकरू ठेवणार असतील, असं गल्लीनं ठरवून टाकलं. आमच्या गल्लीला ठरवायला वेळ लागत नाही.

गुणाजी वस्ताद म्हणजे काकूंचे यजमान. मूळ मालवणकडचे. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते आणि सुट्टी झाली की चाळीखालच्या तालमीत पोरांना घडवायचे. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली, मागोमाग तालमीची जागाही गेली. घर आधीच हळूहळू बांधून ठेवलं होतं म्हणून दोघं मुलुंडला येऊन राहिली. आणि शहाऐंशीत वस्तादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायची पाळी आली, जीभ जड झाली. ते काय बोलतात ते एकट्या काकूंनाच कळायचं.

डॉक्टरांनी व्यायामासाठी रोज इस्पितळात यायला सांगितलं होतं. वस्ताद एकदाच गेले. तिथे बाकावर त्यांचाच एक जुना पठ्ठ्या बसलेला होता. "वस्ताद, तुम्ही?" एवढंच म्हणाला बिचारा. वस्तादांनी जे तोंड फिरवलं ते घरी येईपर्यंत वळवलं नाही. पुढे कोणी पठ्ठ्या भेटायला आला की हे डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. मला संताप यायचा. माणूस आजारी पडतो, त्यात लाज कसली? पण आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करणाऱ्या माणसाला ते कोण समजावणार! असेच पडून राहिले तर पुढे उभंच राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं.

म्हणून ते तळघर. कोणाच्या नजरेला पडायचं नाही ना, मग घरातच तालीम करू, असा काकूंचा हिशेब. त्यांनी भिंतींना चुना लावून घेतला. प्लंबरला बोलावून कमरेएवढ्या उंचीवर नळाचा पाइप भिंतीभर बसवला, धरून चालायला. हाताच्या व्यायामासाठी छताला कप्पी टांगली, तिच्यावरून दोर सोडला आणि टोकाला वाळूची पिशवी बांधली. पडलेच तर लागू नये म्हणून खाली गादी अंथरली. रुग्णाला कुठे धरायचं, कसं उचलायचं, हे त्या इस्पितळात जाऊन नीट बघून आल्या.

एवढं सगळं जमवलं आणि मग काकूंनी एक चूक केली. नवऱ्याला खरंच तालमीत आल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी दशरथ नावाच्या पठ्ठ्याकडून जुन्या तालमीतली मारुतीची तसबीर मागवली आणि समोरच्या भिंतीला लावली. तिला शेंदूर, फुलं, रुईच्या पानांची माळ, सगळं केलं.

वस्तादांना धरून खाली आणलं. मारुती दिसला तसे ते ढसाढसा रडले. काकूंना वाटलं, जिंकलं. तेवढ्यात वस्ताद म्हणाले, "आता ही तालीम झाली. तू भायर रव."

तालमीत मारुती असला की बाईमाणसानं आत पाऊल टाकायचं नाही, ही जुनी रीत. लालबागला काकू रोज डबा घेऊन जायच्या तो दारातूनच द्यायच्या. आणि इथे स्वतःच्या हातानं चुना लावलेल्या खोलीबाहेर त्या उभ्या! मी म्हटलं, "काढा ती तसबीर." त्या म्हणाल्या, "देवाक घराभायर काढू काय गो?"

मग रोज सकाळी त्या वस्तादांना दारापर्यंत आणायच्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. आत ते एकटे पाइप धरून पाय ओढायचे. कोणी धरणारं नाही, सावरणारं नाही. एक दिवस हात सुटला आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. काकू धावल्या तर आतून ओरडले, "भायर!" काकू थांबल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "त्यांचो श्वास फुलललो, आणि मी हयसर उभी. माझी माकाच चीड इली."

आणि त्या आत गेल्या. वस्ताद डाव्या हातानं त्यांना ढकलत राहिले. काकू म्हणाल्या, "मारुतीक चलणा नसात, तर तो सांगतलो माका. तुमी सांगू नकात." काखेत हात घालून उचलायला गेल्या, तर दोघंही गादीवर कोसळली. तिथेच बसून राहिली बराच वेळ. मारुतीनं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वस्तादांनीही सांगणं सोडलं.

दोन वर्षं रोज हेच. हात काही परत आला नाही. पण वस्ताद काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले. अठ्ठ्याऐंशीच्या हनुमान जयंतीला त्यांनी आपणहून दशरथला निरोप धाडला, पोरांना घेऊन ये. पोरं कसली, पोटं सुटलेले, केस पिकलेले बाप्येच ते. तळघरात दाटीवाटीनं उभे राहिले. मी सुंठवड्याचं ताट धरून दारात, काकू माझ्या शेजारी. एवढे पुरुष बघून त्या आत गेल्या नव्हत्या.

आरती झाली. पठ्ठे वस्तादांच्या पायाशी वाकायला पुढे झाले. वस्तादांनी त्यांना अडवलं आणि दाराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. कोणाला कळलं नाही. काकूंना कळलं असावं, कारण त्या एकदम माझ्या मागे सरकल्या. वस्ताद पुन्हा तेच म्हणाले, चिडून म्हणाले.

शेवटी ते स्वतःच खुर्चीतून उठले. पाइप धरत धरत दारापर्यंत आले, काकूंचा हात धरून त्यांना मारुतीसमोर नेलं आणि वाकून डावा हात त्यांच्या पावलांना लावला. "अहो, काय करतास ह्या!" काकू किंचाळल्याच.

वस्तादांना वाकता आलं, उठता येईना. गुडघ्यावर बसले आणि तसेच अडकले. इतकी दांडगी माणसं भोवती होती, पण वस्तादांना हात लावायची एकाची छाती होईना. काकूंनी डोळे पुसले, पाय रोवले आणि रोजच्यासारखा त्यांच्या काखेत हात घातला. म्हणाल्या, "उठा."

सगळ्यांच्या देखत वस्ताद उठले.