दोन किलो मागं लावलेला काटा

संघातल्या सगळ्या मुली त्याला मामा म्हणायच्या, कारण पिसू त्याला मामा म्हणायची, आणि पिसू त्याची खरीच भाची होती, सख्ख्या थोरल्या बहिणीची लेक. एकीचा मामा झालेला माणूस बघता बघता पंधराजणींचा होतो, त्याला विचारतंय कोण. पिवळ्या संघाची गाडी जिथं शर्यतीला जाई तिथं मामाही जाई, घडीचं टेबल, तेलाच्या बाटल्या आणि टॉवेलांचा गठ्ठा घेऊन. चोवीस वर्षं त्यानं सायकलवाल्यांचे पाय रगडले होते. पोटरीवर अंगठा दाबला की तो सांगायचा, ही काल झोपलेली नाही, हिचा डावा गुडघा कुरकुरतोय, ही घाटात चढेल, ही सपाटीवर वाऱ्याला अंगावर घेईल. माणूस खोटं बोलतं, पोटरी बोलत नाही, असं तो म्हणे, आणि त्याचं म्हणणं सहसा खरं निघे.

मालिशीला जोडून वजनाचंही काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. दर सोमवारी सकाळी, नाश्त्याच्या आधी, मुली रांगेनं काट्यावर चढायच्या, तो आकडा वाचायचा आणि तक्त्यात मांडायचा. घाटात कोण किती चढेल ते ठरवायची रीत सोपी असते. पायांत जोर किती ते यंत्र सांगतं, त्या जोराला अंगाच्या वजनानं भागायचं, आणि जो आकडा येतो त्यावर मुलीचं नशीब ठरतं. पाचाच्या वर गेलीस तर दुसऱ्या संघांचे फोन येतात. पाचाच्या खाली राहिलीस तर आयुष्यभर दुसरीच्या पाण्याच्या बाटल्या वाहा.

काटा जुना होता, उभा, मोठ्या तबकडीचा. पूर्वी तो पत्र्याच्या शेडमध्ये असायचा, आणि तिथल्या थंडीत दात वाजायचे. कपडे काढायला एकही मुलगी तयार नसे. बूट, जाकीट, हेल्मेट सगळं घालून त्या काट्यावर उभ्या राहायच्या. आता पंधराजणींची वजाबाकी दर सोमवारी कोण करत बसणार? मामानं एकदा तो सगळा जामानिमा नुसता काट्यावर ठेवून पाहिला. भरले दोन किलो. मग त्यानं तबकडीमागचा स्क्रू फिरवला आणि काटा दोन किलो मागं घेतला. सायकलींचा मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणत, त्यानंही दाद दिली. तू शाळेत गेला असतास तर आमचं काही खरं नव्हतं, म्हणाला.

पुढं संघ नव्या इमारतीत गेला. वजनाच्या खोलीत ऊब आली, डॉक्टरांचा नियम आला की वजन अनवाणी आणि आतल्या कपड्यांवरच घ्यायचं. काटाही आला, टेम्पोत गोधडीत गुंडाळून. स्क्रूची आठवण मात्र कुणाला आली नाही, मामालाही नाही. पहिल्याच सोमवारी सगळ्याजणी दोन-दोन किलोंनी हलक्या भरल्या. सुट्टीनंतरचा तो पहिला सोमवार होता, आणि नव्या प्रशिक्षकानं नवा आहार सुरू केलेला. त्यानं मिशीला पीळ दिला आणि श्रेय खिशात घातलं. घरी कुणी काटा ठेवायचा नाही, हा नियम तर मामानंच घालून दिला होता. पोरी दिवसातून दहादा वजन करून वेड्या होतात, असं त्याचं म्हणणं. मायेनं केलेला नियम होता तो.

पिसू आली ती अशा संघात. बारीक, चपळ, बसल्या जागी पाय हलवणारी, म्हणून पिसू. पहिल्यांदा टेबलावर झोपली तेव्हा मामाचा अंगठा म्हणाला, ही पोटरी लांब आहे, शांत आहे, ही सपाटीची. तासन्‌तास वाऱ्यात ओढणाऱ्या बाईचा हा पाय. पण यंत्रानं जोर दाखवला अडीचशे, काट्यानं वजन दाखवलं अठ्ठेचाळीस, भागाकार आला पाच पूर्णांक दोन. संघात एवढा आकडा दुसरीचा नव्हता. मामानं अंगठ्याला गप्प बसवलं.

दरीच्या पलीकडं हिरव्यांचा संघ होता. त्यांचं आणि पिवळ्यांचं हाडवैर. त्यांचा मॅनेजर पूर्वी इकडचाच, भांडून गेलेला. शर्यतीत दोन गाड्या शेजारी लागल्या तर पाना त्यांच्या मेकॅनिकला साधा पंपही द्यायचा नाही. अशा हिरव्यांना घाटातली मुलगी हवी होती, आणि पिसूच्या आकड्यांचा कागद त्यांच्या हातात पडला. दोन वर्षांचा करार, घाटाच्या शर्यतीत पुढं ठेवण्याचं वचन, आणि तिला सोडण्याबद्दल पिवळ्यांना पैसे. पिवळ्यांचा मॅनेजर, साहेब, सही करण्याआधी मालिशीच्या खोलीच्या दाराशी आला.

"मामा, चढेल ना?"

मामाच्या हाताला तेल लागलेलं होतं. त्यानं कागदाकडं पाहिलं. पाच पूर्णांक दोन. बहीण वीस वर्षं शिवणयंत्रावर वाकलेली होती, तीही डोळ्यांसमोर आली.

"चढेल," तो म्हणाला.

आठवडाभरात पिसूचा फोन आला. हिरव्यांच्या काट्यावर ती पन्नास भरली होती. मामा खो खो हसला. त्यांच्याकडं सगळंच जड असतं गं, नाकापेक्षा मोती जड, त्यांच्या मॅनेजरचं बूड तर विचारू नकोस. तीही हसली. दुसऱ्या फोनला ती हसली नाही. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, करार हातात पडताच दोन किलो कसे गं चढले? लाडावलीस का? मामाला राग आला तो हिरव्यांचा. आपला काटा चुकत असेल ही शंका त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. हिरव्यांचं काही बरोबर असूच शकत नाही, ही त्याची चोवीस वर्षांची श्रद्धा होती. तो म्हणाला, दोन किलो म्हणजे किती, दोन बाटल्या पाणी. उतरव आणि त्यांचं तोंड बंद कर.

तिनं उतरवायला घेतलं. बहिणीच्या बोलण्यातून मामाच्या कानावर तुकडे येत राहिले. पोरगी घरी आली की बटाटे बाजूला सारते. पाव मोजून खाते. सात महिने पाळी नाही, आणि विचारलं तर म्हणते, सगळ्याच मुलींची जाते. घाटात ती पहिल्या दहांत टिकली नाही. जोरही वजनाबरोबर उतरत गेला आणि भागाकार होता तिथंच राहिला. मग एका सकाळी, ना पडली ना कुणाला धडकली, सायकलवरून नुसती उतरली आणि उभीच राहता येईना. खुब्याजवळचं हाड चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे हाड बावीस वर्षांच्या मुलीचं नाही, साठीच्या बाईचं आहे.

मामा दवाखान्यात गेला तेव्हा ती झोपेत होती. अंगावरच्या चादरीखाली काही आहे की नाही असं वाटत होतं. बाहेर बोळकांडीत बाकाशेजारी एक काटा होता. वेळ जाईना म्हणून तो चढला. एकाहत्तर. त्याला गंमत वाटली, कारण परवाच्या सोमवारी, मुलींची चेष्टा म्हणून, तो आपल्या काट्यावर चढला होता आणि एकोणसत्तर भरला होता. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले होते. इथंही बूट नव्हते, नर्सनं दाराशीच काढायला लावले होते. तो उतरला, पुन्हा चढला. एकाहत्तर. हा काटा हिरव्यांचा नव्हता.

तो तिथंच बाकावर बसला. पत्र्याची शेड आठवली, थंडी आठवली, जाकीट-बुटांचा ढीग आठवला, आणि तबकडीमागचा स्क्रू. तो कुणी परत फिरवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडं गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावून घेतलं.  मग शांतपणे म्हणाले, हे बाहेर गेलं तर हिरवे म्हणणार की आम्ही खोटा माल गळ्यात मारला. आणि या मोसमात आपल्या सहाजणींचे करार व्हायचेत, सहाहीजणींचे आकडे ह्याच काट्याचे. तू स्क्रू सरळ केलास तर येत्या सोमवारी पंधराजणी दोन-दोन किलोंनी वाढतील. प्रशिक्षक त्यांचं काय करेल ते तुला मी सांगायला नको. मामाला वाटलं होतं साहेब ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बरोबर बोलत होते. इकडं आड, तिकडं विहीर.

संध्याकाळी तो पुन्हा दवाखान्यात गेला. पिसू उशीला टेकून बसली होती. ताटलीतलं अन्न जसंच्या तसं होतं. बहीण कपडे आणायला घरी गेलेली. मामानं खुर्ची ओढली आणि खाली मान घालून सांगून टाकलं, शेडपासून स्क्रूपर्यंत, फोनवरच्या त्या दोन बाटल्या पाण्यापर्यंत. ती ऐकत राहिली. तिची बोटं चादरीच्या कडेवरून पुढंमागं फिरत होती.

"म्हणजे मी पन्नासच होते?"

"हो."

"आणि तुझा अंगठा काय म्हणाला होता? पहिल्या दिवशी?"

त्यानं सांगितलं. सपाटीची. ओढणारी. वाऱ्याला अंगावर घेणारी.

"तसं सांगितलं असतंस तर मला आवडलं असतं," ती म्हणाली. "मला घाट कधीच आवडला नाही."

 मामाच्या तोंडात माफी हा शब्द आला, पण त्याचं वजन त्यालाच कळेना. ती खिडकीकडं बघत होती.

"आज नर्सनं वजन घेतलं. अठ्ठेचाळीस भरले." मग म्हणाली, "तुझा काटा खरा ठरला बघ, मामा."

त्यानं तोंड फिरवलं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की त्याला तो काढून घ्यावासा वाटला.

"आईला सांगू नकोस. तिला भाऊ एकच आहे."

करार मोडला. हिरव्यांनी कागदावर लिहिलं, दुखापत. पिसू कुबड्या घेऊन आईच्या शिवणयंत्राशेजारी बसू लागली, काजं करू लागली. पुन्हा सायकलवर बसायचं की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते आणि ती विचारत नव्हती.

मामानं एक युक्ती काढली. दोन किलो एकदम नको, थोडे थोडे परत आणू. दर रविवारी रिकाम्या खोलीत जाऊन स्क्रू केसभर फिरवायचा, शंभर ग्रॅम पुढं. वीस आठवड्यांत काटा खरा होईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. पहिल्या सोमवारी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या सोमवारी दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या. तिसऱ्या सोमवारी संघातली सर्वांत धाकटी, दात पुढं आलेली, सगळ्यांच्या नकला करणारी, काट्यावर चढली आणि सत्तेचाळीस तीनशे भरली. ती नक्कल करता करता थांबली. खाली उतरली, पुन्हा चढली, केसांचा चिमटा काढून ठेवला, परत चढली. नंतर मामा चहा घ्यायला जेवणघरात गेला तेव्हा ती आपला पाव शेजारणीच्या ताटलीत ढकलत होती. भूक नाही म्हणाली.

दुपारी ती मालिशीला आली. मामानं पोटरीवर अंगठा दाबला. लांब, शांत पोटरी. सपाटीची. त्यानं हे सांगितलं, आणि ती खुदकन हसली. काय मामा, म्हणाली, माझा आकडा पाच पूर्णांक एक आहे, हिरव्यांनी माझा कागद मागवलाय. तो धावत साहेबांकडं गेला. साहेब म्हणाले, अंगठ्यावर कुणी करार करत नाही.

पुढच्या रविवारी मामा वजनाच्या खोलीत गेला आणि स्क्रू उलटा फिरवला. तीनशे ग्रॅम मागं. काटा होता तिथं, दोन किलो मागं, येऊन थांबला.

सोमवारी धाकटी चढली. "सत्तेचाळीस," मामानं वाचलं. तिनं टाळी वाजवली, टुणकन उडी मारली आणि पळत जेवणघराकडं गेली. तक्त्यात आकडा मांडून तो तसाच उभा राहिला. दार उघडं होतं. तिकडून ताटल्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी ओरडून आणखी लोणी मागत होतं. आवाज तिचाच होता. ती आज तरी खात होती. दोन महिन्यांनी दरीपलीकडं हिरव्यांच्या काट्यावर ती चढेल तेव्हा काय, ते त्याला माहीत होतं.

"पुढची," तो म्हणाला.